विमानात कोणती सीट घ्यायची? पैसे भरण्याआधी हे वाचा

विमानाचं तिकीट बुक करताना नाव, वय, मोबाईल नंबर भरून झाला की एक रंगीबेरंगी स्क्रीन येते. छोटे छोटे चौकोन, प्रत्येकावर वेगळी किंमत. पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की इथे सीट निवडलीच पाहिजे, नाहीतर तिकीट मिळणार नाही. मग चारशे-पाचशे रुपये जास्त भरून कुठलीतरी सीट घेतली जाते, आणि ती नेमकी पंखावरची निघते.

तर आज आपण दोन गोष्टी बघूया. कोणती सीट कशासाठी चांगली, आणि तिच्यासाठी पैसे भरायची खरंच गरज आहे का.

आधी विमान ओळखा

आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात बहुतेक वेळा एकच मधली वाट असलेलं विमान असतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. तोंड पुढे करून बसलात की डावीकडून ए, बी, सी आणि मग डी, ई, एफ. म्हणजे ए आणि एफ खिडकी, सी आणि डी वाटेकडची म्हणजे आयल सीट, बी आणि ई मधली.

यात मुख्य दोन घराणी आहेत. एअरबस ए३२० (इंडिगो, एअर इंडिया) आणि बोईंग ७३७ (अकासा, स्पाइसजेट). एअर इंडिया एक्सप्रेसकडे दोन्ही आहेत. ए३२० ची केबिन आतून साधारण ३.७० मीटर रुंद, ७३७ ची ३.५४ मीटर. हा फरक सहा सीटमध्ये वाटला की प्रत्येकाला जेमतेम एक इंच येतो, पण दोन तास खांद्याला खांदा लावून बसायचं असेल तर तो जाणवतो.

कुठलं विमान आहे हे तिकिटाच्या ‘फ्लाइट डिटेल्स’मध्ये लिहिलेलं असतं. नसेल तर फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत त्या मार्गावर कुठलं विमान आलं ते दिसेल. एअरोलोपा नावाच्या साइटवर तर एअरलाइननुसार सीटचा नकाशा मिळतो, अगदी कोणत्या रांगेला खिडकी नीट येते तेसुद्धा.

तुम्हाला नक्की काय हवंय?

‘सगळ्यात चांगली सीट कोणती’ असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कशासाठी?

*विमान हललं की भीती वाटते:* पंखाजवळची सीट घ्या. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या आसपास असतो. बागेतला सी-सॉ आठवा. मधे उभा असलेला माणूस फारसा हलत नाही, टोकावरचा वरखाली होतो. विमानातलं मागचं टोक म्हणजे शेवटच्या रांगा, तिथे धक्के सगळ्यात जास्त जाणवतात. सीट कुठलीही असो, बेल्ट मात्र पूर्ण वेळ लावून ठेवा.

*शांतता हवी:* इंजिन पंखाखाली असतात आणि त्यांचा आवाज मागच्या बाजूला जास्त येतो. त्यामुळे पंखाच्या पुढच्या रांगा तुलनेने शांत. झोपायचं असेल तर खिडकीची सीट, म्हणजे डोकं टेकायला भिंत मिळते आणि कुणाला उठून वाट द्यावी लागत नाही.

*पाय लांब करायचे आहेत:* साध्या सीटमध्ये पुढच्या-मागच्या सीटमधलं अंतर साधारण २८ ते ३० इंच असतं. उंच माणसाचे गुडघे पुढे टेकतात. अशा वेळी पहिली रांग किंवा एक्झिट रो. पण दोन्हीकडे अटी आहेत. पहिल्या रांगेत समोर भिंत असते, त्यामुळे बॅग पायाशी ठेवता येत नाही. एक्झिट रोमध्येही टेकऑफ आणि लँडिंगला बॅग वरच ठेवावी लागते. शिवाय तिथे लहान मुलं, गर्भवती महिला किंवा दार उघडायला मदत करू शकणार नाहीत अशा व्यक्तींना बसवत नाहीत.

एक बारीक गोष्ट. सगळ्या इकॉनॉमी सीट असलेल्या बऱ्याच ए३२० मध्ये १२ आणि १३ अशा दोन एक्झिट रांगा असतात. यातल्या पुढच्या रांगेची, म्हणजे १२ ची सीट सहसा मागे झुकत नाही, कारण तिच्या मागेही बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची असते. ११ चंही अनेकदा तेच. म्हणून एक्झिट रोचे पैसे भरणारच असाल तर १३ बघा.

*फोटो आणि व्ह्यू:* ए३२० मध्ये साधारण १० ते १९ रांगांमधून खाली बघितलं की पंखच दिसतो. त्याच्या पुढे किंवा मागे बसा. ७३७ मध्ये आणखी एक गंमत आहे. पंखाच्या थोडं पुढे, डाव्या बाजूला, एका रांगेला खिडकीच नसते. तिथून एसीचा पाइप खालून छताकडे जातो. तिकिटावर ‘विंडो सीट’ आणि प्रत्यक्षात प्लास्टिकची भिंत! म्हणून ७३७ असेल तर नकाशा बघूनच खिडकी घ्या.

*लवकर बाहेर पडायचंय:* एअरोब्रिज लागला तर फक्त पुढचं दार उघडतं, तेव्हा पुढच्या रांगा फायद्यात. पण विमान लांब उभं करून शिडी लावली तर बऱ्याचदा मागचं दारही उघडतात, मग शेवटच्या रांगेतला माणूस मधल्या रांगेतल्याच्या आधी उतरतो. कुठली सोय मिळेल हे आधी कळत नाही. त्यामुळे फक्त एवढ्यासाठी जास्त पैसे देणं मला पटत नाही, त्यातून चेक-इन बॅग असेल तर बेल्टपाशी सगळे एकत्रच थांबतात.

*शेवटची रांग:* शक्यतो टाळा. मागे टॉयलेट, शेजारी लाइन, आणि सीट मागे जाईलच याची खात्री नाही.

ए की एफ? ऊन बघून ठरवा

हे फार कमी लोक बघतात. पुणे ते दिल्ली विमान जवळपास उत्तरेला जातं. म्हणजे डावीकडे पश्चिम, उजवीकडे पूर्व. संध्याकाळच्या फ्लाइटला ए सीटवर ऊन थेट तोंडावर येणार, तर एफ सावलीत. सकाळी उलट. परतीच्या प्रवासात सगळं पुन्हा उलटं. मुंबई ते नागपूर विमान पूर्वेकडे जातं, तेव्हा हिवाळ्यात दिवसभर उजवी बाजू उन्हाची, कारण त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो.

हाच हिशोब व्ह्यूसाठीही चालतो. दिल्लीहून बागडोगरा किंवा गुवाहाटीला जाताना हिमालय उत्तरेला, म्हणजे डावीकडे. आकाश स्वच्छ असेल तर ए सीटवरून बर्फाची रांगच्या रांग दिसते. येताना एफ.

आता पैशांचं बोलूया

मी रोज अ‍ॅप बनवण्याचं काम करतो, त्यामुळे ही सीटची स्क्रीन मला थोडी वेगळी दिसते. ती मुद्दाम प्रवाशाची माहिती आणि पेमेंट यांच्या मधे ठेवलेली असते. ‘सीट निवडा’ बटण मोठं आणि रंगीत, ‘स्किप’ मात्र कोपऱ्यात, फिकट अक्षरांत. काही ठिकाणी तर ‘मधल्या सीटवर बसायला चालेल ना?’ असं विचारून मनात धाकधूक निर्माण करतात.

लक्षात ठेवा, सीट तिकिटाच्या किमतीतच आहे. तुम्ही काही निवडलं नाही तरी चेक-इनच्या वेळी सीट मिळतेच. पैसे लागतात ते आवडीची सीट घ्यायला.

अशा फसव्या डिझाइनविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये नियमावली काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. खोटी घाई दाखवणं, न विचारता बिलात वस्तू घालणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, हे सगळं त्यात येतं. म्हणून पेमेंटच्या आधी एकूण रक्कम उघडून बघा. न मागितलेली सीट किंवा विमा दिसला तर काढून टाका. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि विमानप्रवासासाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे.

आई-वडील लहान मुलांसोबत असतील तर सगळ्यात जास्त घाबरवलं जातं, ‘एकत्र बसायचं असेल तर सीट घ्या’. पण डीजीसीएने २०२४ मध्ये एअरलाइन्सना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाच्या शेजारी सीट द्यायची. म्हणून मुलांचं तिकीट वेगळं काढू नका, एकाच बुकिंगमध्ये ठेवा.

माझी पद्धत

१. बुकिंग करताना स्किप.

२. वेब चेक-इन उघडलं की लगेच करा. बहुतेक एअरलाइन्सचं देशांतर्गत चेक-इन ४८ तास आधी सुरू होतं. तेव्हा मोफत सीट जास्त शिल्लक असतात, जरी त्या सहसा मधल्या आणि मागच्या असल्या तरी.

३. एक-दीड तासाचा प्रवास असेल तर मिळेल ती सीट. तेवढ्या पैशांत विमानतळावरून घरी जायची सोय होते.

४. अडीच-तीन तासांचा प्रवास, उंची जास्त, गुडघेदुखी किंवा सोबत आजी-आजोबा असतील तर पैसे भरा, बिनधास्त. आजी-आजोबांसाठी पुढच्या भागातली आयल सीट घ्या, चालणं कमी होतं आणि उठताना कुणाला सांगावं लागत नाही.

५. पैसे भरले तर सीट नंबरचा स्क्रीनशॉट आणि पावती ठेवा. ऐनवेळी विमान बदललं आणि सीट गेली, तर रिफंड मागताना तेच कामाला येतं.

६. वेब चेक-इन राहून गेलं तरी घाबरू नका. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्येच एअरलाइन्सना कळवलंय.

आणि विमानात बसल्यावर एखादी चांगली सीट रिकामी दिसली तर आपणहून जाऊन बसू नका. विमानाचं वजन कुठे किती आहे याचा हिशोब टेकऑफच्या आधी झालेला असतो. दारं बंद झाल्यावर क्रूला विचारा. सीट त्याच दराची असेल तर बऱ्याचदा ‘हो’ म्हणतात, आणि त्याचे पैसे लागत नाहीत.