धर्माच्या रकान्यात काय लिहावे?

गेल्या शुक्रवारी साल्मियातील आमच्या घरी एक अर्ज भरणे चालले होते. धर्माच्या रकान्यापाशी चिरंजीवांचे पेन थांबले. "बाबा, मी देव मानत नाही. खोटे कसे लिहू?" सौ.च्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

शिक्षकाची सवय जाते कुठे! आम्ही आधी शब्दाची फोड केली. देव नाहीच म्हणतो तो नास्तिक. आहे की नाही हे कळण्याजोगे नाही म्हणतो तो अज्ञेयवादी. आपल्याकडे जुना अर्थ निराळाच. वेद प्रमाण न मानणारा तो नास्तिक. म्हणून निरीश्वर सांख्य आस्तिकांत बसले, आणि जैन व बौद्ध नास्तिकांत!

आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. पुढे २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, 'मला धर्म नाही' असे सांगण्याचा माणसाला हक्क आहे. पण तो निकाल भारतातला. कुवेतच्या १९६२ च्या संविधानातील ३५ वे कलम श्रद्धेचे स्वातंत्र्य पूर्ण मानते; रकाना मात्र नाव मागतो.

आमच्या मॉरिशसला जनगणनेत धर्म म्हणून 'मराठी' लिहिणारेही आहेत. हे ऐकून चिरंजीव हसले, "मग तेच लिहू का? ते तरी खरे आहे."

आम्हांला उत्तर सुचले नाही. सौ. म्हणते, 'हिंदू' लिही आणि मोकळा हो. अर्ज उद्या द्यायचा आहे. रकाना अजून कोराच आहे.