चोवीस टनांचा फरक

झरीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांबरोबर पाणबुडी केली. लिटरभराची प्लॅस्टिकची बाटली, पोटाला भोकं, खाली वजनाला नटबोल्ट, बुचातून आत सोडलेली सलाईनची नळी, सांध्याला एम-सील. हौदात सोडून नळीतून हवा ओढली की भोकांतून पाणी शिरतं आणि बाटली बुडते. फुंकली की वर येते.

खरी गंमत नटांची. वजन कमी असलं तर बुडायला वेळ लागतो. एकेक नट वाढवत गेलं की बाटली पाण्यात खाली बसत जाते आणि मग जराशी हवा ओढली तरी तळ गाठते. पोरं या चपळाईवर खूश. पण अशा बाटलीच्या एम-सीलला बारीक चीर असली, तर निसटणारी हवाही तिला बुडवायला पुरते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीने किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी बांधलेली टाइप २३ पाणबुडी नेमकी अशी होती. लांबी जेमतेम ३५ मीटर, आत १४ ते १८ माणसं. तरंगताना वजन २३४ टन, बुडाल्यावर २५८. मधले २४ टन हीच तिची तरंगण्याची सगळी शिल्लक. म्हणून ती काही सेकंदांत पाण्याखाली जाई. बॅटऱ्या दमदार, त्यामुळे पाण्यावरच्यापेक्षा पाण्याखाली जास्त वेग: ताशी साडेबारा सागरी मैल. श्नॉर्केल नावाची हवेची नळी वर काढून ती बुडालेलीच राहू शके.

पाणतीर मात्र दोनच, तेही बाहेरून भरायचे. बंदरात शेपटाकडे वजन वाढवून नाक पाण्याबाहेर काढायचं आणि तोंडातून पाणतीर आत सरकवायचे. समुद्रात दोन सोडले की परत फिरायचं. तरीही ७ मे १९४५ला, युरोपातलं युद्ध संपता संपता, याच प्रकारच्या यू-२३३६ने स्कॉटलंडजवळ दोन जहाजं बुडवली.

माझ्या मते पाणतीरांची टंचाई हा तिचा मोठा दोष नव्हे. मोठा दोष त्या चोवीस टनांत होता. युद्धाच्या शेवटी बुडवलेली अशी एक पाणबुडी पश्चिम जर्मनीने १९५६मध्ये वर काढली, दुरुस्त करून ‘हाय’ या नावाने नौदलात घेतली. १४ सप्टेंबर १९६६ला उत्तर समुद्रातल्या वादळात पाणी शिरून ती बुडाली. २० जणांपैकी एकच वाचला.

हे सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. इथल्या कितीतरी घरांतले पुरुष गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात माणूस बुडतो म्हणजे काय, हे या मुलांना समजवावं लागत नाही. एकाने विचारलं, “सर, मंग आतल्यांनी बाहेर यायचं कसं?”

मुंबईच्या माझगाव गोदीत जर्मन आराखड्यावर बांधलेली ‘शल्की’ पाणबुडी ७ फेब्रुवारी १९९२ला भारतीय नौदलात आली. तिच्यात या प्रश्नाचं उत्तर बसवलेलं आहे: सगळेच्या सगळे ४० जण मावतील असा पोलादी गोळा, जो संकटात पाणबुडीपासून सुटून वर येतो. छोट्या पाणबुडीत एवढी जागा आणायची कुठून?

आमच्या बाटलीत अजून एक अडचण आहे. अर्धवट भरली की आतलं पाणी एका टोकाला धावतं आणि नाक खाली जातं. मुलांनी आता पुढे-मागे दोन बाटल्या जोडल्यात, प्रत्येकीला वेगळी नळी. नाक खाली गेलं की पुढच्या नळीत फुंकायचं.