आकाशाशी ओळख (लेखांक ७) : काक्षी मंदावली तेव्हा

मागच्या लेखांकात आपण मृगाचे तारे एकेक करून ओळखले. हरणाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, मागे व्याध. त्या चार पायांपैकी तांबूस तारा म्हणजे काक्षी. या काक्षीचीच एक गोष्ट आज सांगायची आहे.

२०१९च्या अखेरीस काक्षी मंदावू लागली. फेब्रुवारी २०२०मध्ये तिचं तेज नेहमीच्या जेमतेम एक तृतीयांशावर आलं. एरवी रोहिणीहून ठळक दिसणारी ही काक्षी आता रोहिणीपुढे स्पष्ट फिकी पडली होती. ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूने आडवी आली, हे कारण पुढे अभ्यासातून समोर आलं. हे सगळं घडत होतं ते भर हिवाळ्यात, संध्याकाळच्या स्वच्छ आकाशात, महाराष्ट्रातल्या प्रत्येक गच्चीवरून आणि खळ्यावरून दिसेल अशा जागी. तरी ज्यांनी बातमी वाचली नव्हती, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना काही बदललंय असं वाटलं. मृगाचा पाऊस आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पण पावसाचं ते नक्षत्र लागतं तेव्हा सूर्यच मृगात असतो, म्हणून ते तारे दिसत नाहीत. नाव ओठांवर असतं, चेहरा मात्र ओळखीचा नसतो.

लोक वर बघतच नाहीत, असं यावर नेहमी म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. बघणारेही चुकतात, आणि त्याचं एक कारण डोळ्याच्या घडणीत आहे. आपल्याला बारकाईने दिसतं ते नजरेच्या मधल्या साधारण दोन अंशांच्या तुकड्यात, म्हणजे चार पूर्णचंद्र ओळीने मावतील एवढ्या पट्ट्यात. बाकीचं आकाश डोळ्याच्या कडेने अंदाजाने दिसतं. कडेला काही हललं तर मान पटकन वळते. उल्का किंवा विमान लक्षात येतं ते यामुळे. पण जागेवर स्थिर असलेली आणि आठवड्या-आठवड्याने बदलणारी गोष्ट नजरेला हाक मारत नाही. त्यात आकाश रोज चार मिनिटं आधी उगवतं. काल आठ वाजता जे तारे जिथे होते, ते महिन्याभराने सहा वाजताच तिथे येतात. गल्लीतलं एखादं झाड तोडलं तर ते लगेच जाणवतं, कारण बाकीची गल्ली जागेवर असते. आकाशात तसा न हलणारा आधार नाही. ताऱ्यांच्या आकृती पाठ असणं, एवढाच काय तो आधार.

११ नोव्हेंबर १५७२च्या संध्याकाळी खगोलवेत्ता टायको ब्राहे प्रयोगशाळेतून जेवायला घरी निघाला होता. ते ठिकाण तेव्हाच्या डेन्मार्कमध्ये होतं, आज ते स्वीडनमध्ये आहे. शर्मिष्ठा तारकासमूहात त्याला शुक्राइतका तेजस्वी तारा दिसला. त्या जागी तारा नाही, हे त्याला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने आधी स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेतली. बरोबरच्या नोकरांना विचारलं, रस्त्याने जाणाऱ्या शेतकऱ्यांनाही विचारलं. दाखवल्यावर तो सगळ्यांना दिसला! डोळे सगळ्यांचे सारखेच होते. तिथे काय असायला हवं, हे ज्याला माहीत होतं तोच थबकला.

चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत २४ फेब्रुवारी १९८७च्या रात्री हेच पुन्हा घडलं. दुर्बिणीवर काम करणारा ऑस्कर दुहाल्दे सहज बाहेर आला आणि मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत त्याला एक नवा तारा दिसला. तो मेघ त्याच्या रोजच्या बघण्यातला होता. पण आत गेल्यावर तो कामात गुंतला आणि काही बोलला नाही. त्याच रात्री तिथल्याच इयन शेल्टनने काढलेल्या फोटोच्या काचेवर तो तारा उमटला. शेल्टन ते सांगायला आला, तेव्हा दुहाल्दे म्हणाला की तो आपणही पाहिलाय. १६०४नंतर नुसत्या डोळ्यांना दिसलेला तो पहिला अतिनवतारा, म्हणजे स्फोटात उजळलेला तारा, होता. लक्षात येण्याइतकंच ते बोलून दाखवणंही महत्त्वाचं, असं मला ही हकिकत वाचताना दर वेळी वाटतं.

याच्या उलटही होतं. २०१२-१३मध्ये लडाखच्या सीमेवर जवानांना रात्री अनोळखी प्रकाश दिसत होते आणि ती टेहळणीची विमानं असावीत असा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं, ते गुरू आणि शुक्र आहेत. जवानांची नजर जागती होती, त्यात काही उणं नव्हतं. नेहमीचं आकाश ठाऊक नसेल तर नेहमीचंच नवं वाटतं, एवढंच.

आता एक काम. उत्तर मुकुट या तारकासमूहात एक तारा आहे, जो एरवी दुर्बिणीशिवाय दिसत नाही. १८६६मध्ये आणि १९४६मध्ये तो अचानक उजळून काही दिवस नुसत्या डोळ्यांना दिसला होता. १८६६मध्ये तो आयर्लंडच्या जॉन बर्मिंगहॅमला मित्राकडून घरी परतताना दिसला. अमेरिकेतला लेस्ली पेल्टियर या ताऱ्यावर सुमारे २५ वर्षं नजर ठेवून होता. १९४६च्या फेब्रुवारीत नेमक्या तारा उजळला त्या पहाटे त्याला सर्दीची कणकण वाटली आणि तो पुन्हा झोपला. दोन स्फोटांतलं अंतर ८० वर्षांचं, म्हणून २०२४पासून जगभरचे निरीक्षक पुन्हा वाट बघत आहेत.

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर नारिंगी स्वाती दिसेल आणि ईशान्येला खाली अभिजित. स्वातीकडून अभिजितकडे एक तृतीयांश अंतर गेलात की ताऱ्यांचं छोटं अर्धवर्तुळ लागेल, तोच उत्तर मुकुट. त्यात ठळक तारा एकच आहे, तो पुण्या-मुंबईतूनही दिसतो. बाकीच्यांसाठी गावाबाहेरचा अंधार हवा. ती आकृती चार-पाच रात्री बघून कागदावर काढा. अर्धवर्तुळाच्या पूर्वेकडच्या टोकाशी, किंचित बाहेर, तितकाच ठळक दुसरा तारा दिसला तर घड्याळात वेळ बघून लिहून ठेवा आणि लगेच कुणालातरी फोन करा.