जुन्या मोटारीची थकबाकी

दहा-बारा वर्षे वापरलेली मोटार घ्यावी की कर्ज काढून नवी घ्यावी, हा प्रश्न बहुतेक घरांत केवळ किमतीच्या अंगाने चर्चिला जातो. दोन लाखांची गाडी आठ लाखांच्या गाडीपेक्षा स्वस्त, एवढेच गणित एका बाजूने मांडले जाते आणि जुनी गाडी म्हणजे गॅरेजवाल्याची कायमची सोय, असा तितकाच एकेरी आक्षेप दुसऱ्या बाजूने घेतला जातो. दोन्हींत थोडे तथ्य असले तरी मूळ गोष्ट त्यांतून निसटते. जुन्या मोटारीचा खर्च नुसत्या वयावरून ठरत नाही, तसाच खरेदीच्या किमतीवरूनही ठरत नाही. वेळच्या वेळी करायची जी कामे आधीच्या मालकाने केली नाहीत, त्यांची किती थकबाकी नव्या मालकाच्या वाट्याला येते, यावर तो मुख्यतः अवलंबून असतो. जमीन घेताना सातबाऱ्यावरचा बोजा पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही; मोटारीवरचा हा बोजा मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेला नसल्यामुळे तो गाडीवरूनच वाचावा लागतो.

अभियांत्रिकीत विश्वासार्हता म्हणजे एखादे यंत्र ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळ, बिघाड न होता आपले काम करत राहण्याची संभाव्यता. यंत्रांच्या बिघाडांचा काळाशी असलेला संबंध आलेखावर काढला की सुरुवातीला निर्मितीतील दोषांमुळे बिघाड जास्त, मग दीर्घकाळ कमी आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा जास्त, असा टबाच्या आकाराचा वक्र मिळतो, म्हणून त्याला ‘बाथटब वक्र’ असे नाव आहे. परंतु मोटार हे एक यंत्र नसून हजारो सुट्या भागांचा मेळ असल्याने तिला असा एकच वक्र लागू पडत नाही. बॅटरी तीन-चार वर्षांत, क्लचप्लेट वापराप्रमाणे, सस्पेन्शनचे बुश खड्ड्यांप्रमाणे आणि इंजिन नीट जपले तर दोन लाख किलोमीटरनंतर, अशी प्रत्येकाची झीज वेगवेगळ्या वेळी होते. दहा वर्षांपुढच्या गाडीची खरी अडचण अशी की यांतील अनेक भागांचा शेवट एकाच सुमारास येऊ लागतो. नेमक्या त्याच सुमारास तिचा मालक ती विकायला काढतो, कारण पुढच्या खर्चाची चाहूल त्याला लागलेली असते.

म्हणूनच ‘रनिंग कमी आहे’ ही जाहिरातीतील सर्वांत लाडकी ओळ सर्वांत कमी भरवशाची ठरते. आकडा मागे फिरवता येतो हे एक कारण झाले, आणि ते ओळखण्यासाठी ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी, चालकाच्या आसनाची दबलेली कड आणि सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांवरील किलोमीटरच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. गाडी न चालवतासुद्धा जुनी होते. रबराचे पाइप, सील आणि बुश काळाबरोबर कडक होऊन तडकतात; ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते व त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, त्यामुळे घाटात सतत ब्रेक लावताना ते उकळून पेडल अचानक पोकळ लागण्याचा धोका असतो, म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. टायरवर चार अंकी संख्या कोरलेली असते, तिचे पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१४’ असे आढळले तर ते टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातले, म्हणजे नक्षी शाबूत असली तरी बाद समजायचे. पुणे-बंगळूर मार्गावर एक लाख वीस हजार किलोमीटर धावलेली आणि दर दहा हजारांना ऑइल बदललेली गाडी, पुण्याच्या पेठांतून रोज तीन-तीन किलोमीटरच्या अनेक फेऱ्या मारून पन्नास हजार झालेल्या गाडीपेक्षा अनेकदा सुदृढ निघते, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमध्ये पाणी व इंधन साचते आणि क्लच मात्र अखंड घासला जातो.

थकबाकी म्हणजे काय, हे टायमिंग बेल्टवरून नीट समजते. इंजिनातील पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट आणि झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा-मिटणारा कॅमशाफ्ट यांची गती तंतोतंत जुळलेली असावी लागते. ती जुळवणी काही इंजिनांत दातेरी रबरी पट्ट्याने, तर काहींत धातूच्या साखळीने साधलेली असते. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन आणि १९९८ मध्ये आलेल्या सँट्रोचे इंजिन पट्ट्याचे होते. मारुतीच्या २००८ पासून आलेल्या के-सीरिज पेट्रोल इंजिनांत साखळी आहे. पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर, जे आधी येईल तेव्हा, बदलायचा असतो, पण तो आवरणाखाली असल्याने दिसत नाही आणि तुटेपर्यंत कसली तक्रारही करत नाही. मालक गाडी विकायच्या बेतात असला की हा काही हजारांचा खर्च तो साहजिकच टाळतो. पुढे एके दिवशी पट्टा तुटला की बऱ्याच इंजिनांत उघड्या राहिलेल्या झडपांवर पिस्टन आदळतात, झडपा वाकतात, हेड खोलावे लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. अशी गाडी घेताना पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून पट्टा, त्याचा टेन्शनर आणि जोडीने वॉटर पंप बदलण्याचा खर्च किमतीतच मोजला पाहिजे. साखळीवाल्या इंजिनात हा हिशेब नाही, पण ऑइल वेळेवर न बदलल्यास साखळी सैल पडते व सकाळी इंजिन चालू होताना खडखडाट ऐकू येतो. गाडी नेहमी थंड इंजिनावर पाहावी असा अनुभवी मिस्त्रींचा आग्रह असतो तो यामुळेच. विक्रेत्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर बॉनेटला हात लावताच ते कळते. इंजिन चालू झाल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कुलंट आत शिरत असावे आणि डिझेलमध्ये दाट काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही, एवढे वाचन सामान्य ग्राहकालाही करता येते.

गाडीची मूळ रचना आणि सुट्या भागांची उपलब्धता यांचा वाटाही लहान नाही. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले आणि पुण्याजवळच्या रांजणगावातही बनत राहिले. २०२० मध्ये बीएस-६ प्रदूषण मानके लागू झाल्यावर ते भारतातील मोटारींतून गेले, तरी ते खोलून बसवू शकणारा मिस्त्री आणि त्याचे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात. उलट जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि तळेगावचा कारखानाही पुढे बंद केला. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा गाड्या कमी किमतीत मिळतात आणि त्यांतल्या काही मुळात उत्तम आहेत, परंतु नेहमीचे फिल्टर-ब्रेकपॅड मिळणे आणि एखादा सेन्सर, हेडलाइट किंवा दाराची काच मिळणे यांत मोठे अंतर असते. आधुनिक डिझेलविषयी आणखी एक इशारा दिला पाहिजे. उच्च दाबाने इंधन फवारणारे इंजेक्टर, त्यांचा पंप आणि टर्बो हे भाग टिकाऊ असले तरी बिघडले की एकेका भागाचे बिल छोट्या पेट्रोल गाडीच्या वर्षभराच्या देखभालीएवढे येऊ शकते. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाने डिझेलच्या चांगल्या ॲव्हरेजला भुलून हा धोका पत्करू नये.

इंजिन दुरुस्त होते, गंजलेला पत्रा होत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, गोव्यात आणि मुंबईच्या किनारी भागांत खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस मिळून गाडीचा तळ, दारांखालच्या पट्ट्या आणि सस्पेन्शन जिथे जोडलेले असते त्या जागा पोखरतात; वरून केलेले डेंटिंग-पेंटिंग पाहून समाधान मानण्याऐवजी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली पाहिजे. पुरात बुडालेली गाडी तर त्याहून फसवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, अत्तर मारून दूरच्या बाजारात उभी करणे अवघड नाही. आसने स्वच्छ करता येतात, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला की सहसा न बाहेर येणाऱ्या भागावर गढूळ पाण्याची रेघ सापडते. आसनाखालच्या रुळांचा गंज आणि गालिच्याखालचा बारीक गाळही तेच सांगतो. अशा गाडीतील वायरींचे जोड महिनोन्‌महिने आतल्या आत हिरवट पडत जातात आणि बिघाड एका जागी दुरुस्त केला की दुसऱ्या जागी उमटतो, म्हणून ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

आता पैशाचे गणित. विमा कंपन्या गाडीची घोषित किंमत ठरवताना जो घसारा धरतात, त्यानुसार पाचव्या वर्षाअखेर ती निम्म्यावर येते. बाजारभाव यापेक्षा वेगळा असू शकतो, तरी अंदाजासाठी हे प्रमाण पुरेसे आहे. म्हणजे आठ लाखांची नवी गाडी पाच वर्षांत चार लाख, दरवर्षी सरासरी ८०,००० रुपये, नुसती उभ्या-उभ्या गमावते. वर्षाला ८,००० किलोमीटर वापर, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि नव्या गाडीचे ॲव्हरेज २० धरले तर इंधनाला ४२,००० रुपये लागतात. १५ चे ॲव्हरेज देणाऱ्या जुन्या गाडीला ५६,०००. दोन लाखांची जुनी गाडी वर्षाला २५,००० रुपयांनी उतरते असे मानले, तर घसारा आणि इंधन मिळून नवी १,२२,००० ला आणि जुनी ८१,००० ला पडते. मधले ४१,००० रुपये ही जुन्या गाडीच्या जादा दुरुस्तीची वार्षिक मर्यादा झाली. नव्या गाडीच्या कर्जावरील व्याज धरले तर ती आणखी वाढते. ही मर्यादा बऱ्याच नीट राखलेल्या पेट्रोल गाड्या ओलांडत नाहीत. अडचण असते ती खर्चाच्या असमानतेची: दोन वर्षे दहा-दहा हजारांत निघतात आणि तिसऱ्या वर्षी क्लच, शॉकअप आणि एसीचा कॉम्प्रेसर एकदम निघून लाखाची गोष्ट होते. नवी गाडी हप्त्याने पैसे घेते, जुनी एकरकमी घेते. म्हणून खरेदीच्या रकमेतला निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या थकबाकीसाठी बाजूला ठेवणे शक्य नसेल, तर त्या किमतीची गाडी परवडत नाही असेच मानले पाहिजे.

इंधनाच्या आकड्यात अलीकडे एक भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला जवळचे असले, तरी २०२३ पूर्वीच्या बहुतांश गाड्या त्या मिश्रणासाठी घडवलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते; नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केट लवकर कमजोर होण्याची शक्यता असल्याने इंधनाचा वास आला तर ती तपासणी दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

कायद्याची भीती मात्र वास्तवापेक्षा मोठी आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, वीस वर्षांपुढील मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले, उशीर केल्यास महिन्याला ५०० रुपये जादा पडतात आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर येतो; तरी पाच वर्षांत विभागल्यावर ही रक्कम एका सर्व्हिसिंगपेक्षा जास्त भरत नाही. दिल्लीचे प्रकरण वेगळे आहे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली आणि २०२५ मध्ये कारवाईला काही प्रमाणात आवर घातला. तेथून स्वस्तात येणाऱ्या गाडीला ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो, तो धरला की स्वस्ताई बरीच ओसरते. विम्यात १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला तृतीय पक्ष विम्याचा हप्ता २०२२ च्या दरानुसार कर सोडून ३,४१६ रुपये आहे. सर्वसमावेशक विमा घेतला तरी दहा वर्षांपुढील गाडीच्या धातूच्या भागांवर भरपाईत निम्मा घसारा कापला जातो, त्यामुळे त्याचा जादा हप्ता कितपत वसूल होतो हे प्रत्येक गाडीपुरते पाहावे लागते. क्लेम न केल्याबद्दलची सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. ती खरेदीदाराकडे जात नाही.

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात सर्वाधिक हेळसांड होते ती नाव बदलण्याची. विक्रेत्याकडून कोऱ्या नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन एजंट गाडी पुढे, तेथून आणखी पुढे देतो आणि आरसी बुकवर पहिल्याच मालकाचे नाव राहते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात अशीच गाडी हातोहात विकली गेल्यावर तिला अपघात झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव होते त्या मालकावरच ठेवली, जरी गाडी त्याने अपघाताच्या बऱ्याच आधी विकली होती.