एकोणतीस सेकंदांचा खटला

आपल्याकडे सर्रास सांगतात, 'तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं.' कायद्यात असं कुठेच नाही हो! अमेरिकेतला एक खटला बघा. २००७ साली एका आईने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या लेकराचा २९ सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मागे प्रिन्सचं गाणं, तेही धड ऐकू न येणारं. युनिव्हर्सलने नोटीस धाडली, व्हिडिओ उतरला. तिने उलट नोटीस दिली, तेव्हा काही आठवड्यांनी तो परत दिसू लागला. बाई कोर्टातही गेली. २०१५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, नोटीस पाठवण्याआधी मालकाने 'फेअर यूज', म्हणजे रास्त वापर, आहे का याचा विचार करायलाच हवा. मात्र त्याचं मत प्रामाणिक असलं की पुरे; ते चुकलं तरी चालतं. इथेच खरी मेख आहे. पुढे २०१८ मध्ये तडजोड झाली. तो वापर रास्त होता की नाही, हे शेवटपर्यंत ठरलंच नाही.