लगाम स्वारालाही हवा

रोज सकाळी लालबागेच्या भव्य लोखंडी दरवाजावरून फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ बऱ्याच वर्षांचा आहे. दुसऱ्या तुकोजीरावांच्या अमदानीत, १८८६ मध्ये, या वाड्याचे काम सुरू झाले आणि १९२१ मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात ते पुरे झाले. बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजाबरहुकूम घडविलेला हा दरवाजा पाहण्यासाठी पाहुणे आजही आवर्जून येतात. मला मात्र तेथे उभे राहिले की घोडे आठवतात. मल्हाररावांनी माळव्यात पाय रोवले ते घोडदळाच्या बळावर. आपणा इंदूरकर मराठी मंडळींचे पूर्वज या प्रांती आले, त्यांतील कित्येक घोड्याच्या पाठीवरूनच आले असतील. त्या मुक्या जनावराचे ऋण आपल्यावर आहे.

हा विषय मनात घोळू लागण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. वाड्याच्या मैदानावर मेळा भरला होता. माझ्या पाच वर्षांच्या नातीला घोड्यावर बसावयाचे होते. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा लगाम धरून मुलांना फेऱ्या मारून आणीत होता. उन्हाचा कडाका होता, घोडा घामाने निथळत होता. आमची पाळी आली आणि घोडा जागचा हलेना. मुलाने हातातील चामड्याचा पट्टा त्याच्या तोंडावर सपकन ओढला. पुन्हा एकदा ओढला. घोड्याने नुसती मान वर केली. नात म्हणाली, “आजोबा, त्याला लागलं, तर तो ओरडला का नाही?”

मी नातीला खाली उतरविले आणि शाळेत लावतो तसा आवाज लावून त्या मुलाची चांगलीच कानउघाडणी केली. तो खाली मान घालून म्हणाला, “सरजी, शाम को मालिक को पूरा पैसा देना पड़ता है. घोड़ा रुका तो मेरी रोज़ी कटेगी.” मी निरुत्तर झालो. घरी येईपर्यंत एकच प्रश्न मनात होता : मी रागे भरलो तो योग्य माणसावर का?

नातीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. रानात हिंस्र श्वापदांचे भक्ष्य असणारा प्राणी आपली वेदना सहसा प्रकट करीत नाही. विव्हळणारे जनावर शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरते. घोडा ओरडत नाही याचा अर्थ त्याला लागत नाही असा नव्हे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये माणसाच्या व घोड्याच्या त्वचेची तुलना केली, तेव्हा बाह्य थरातील मज्जातंतूंच्या टोकांच्या दाटीत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. “त्याची कातडी जाड, त्याला काय होते” ही आपली समजूत मनाचे समाधान करण्यापुरतीच आहे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. ते शोधताना मला प्रथम आपला इतिहास आठवला. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. चिकित्सेतील चुकीने घोड्याचा रोग बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि दोषामुळे घोडा दगावला तर त्याच्या किमतीइतका दंड, असे तेथे सांगितले आहे. युद्धाने, रोगाने वा वार्धक्याने खंगलेल्या घोड्यांना काम न देता पोसावे, असाही निर्देश आहे. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. रयतेला त्रास देऊ नये, या आज्ञेमुळे ते आपणांस ठाऊक असते. परंतु त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या काळजीचा आहे. पावसाळ्याची बेगमी केलेले दाणे व वैरण आजच मन मानेल तशी उधळाल, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे महाराज बजावतात. दिव्याची जळती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत त्यांचे लक्ष आहे. विशेष हे की, ही ताकीद एकट्या स्वाराला नाही. ज्यांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या आणि हुकूम आहेत, त्यांना ती आहे.

आता आजच्या कायद्याकडे वळू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम मारणे, लाथ घालणे, प्रमाणाबाहेर दौडविणे व प्रमाणाबाहेर ओझे लादणे हे सारे गुन्हे मानतो. पण त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी लिहिलेला दंड आहे १० ते ५० रुपये! शर्यतीच्या घोड्यांविषयी २००१ चे नियम अधिक नेमके आहेत. चाबूक हवेची गादी असलेला, धक्का शोषून घेणारा असावा; तो फक्त जॉकीने, अधिकृत शर्यतीतच वापरावा; फटका ठरावीक भागांखेरीज कोठेही बसू नये; आणि एका शर्यतीत तीनपेक्षा अधिक फटके मारू नयेत. नियम उत्तम आहेत. परंतु ते मोडल्यास मूळ अधिनियमाप्रमाणे शिक्षा १०० रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. जेथे एका शर्यतीवर लाखो रुपयांचे बक्षीस लागलेले असते, तेथे शंभर रुपयांचा धाक कोणाला वाटणार? शेजारच्या महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतींसाठी २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा अटी मोडणाऱ्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद ठरविली. बैलाच्या पाठीला जे मोल लाभले, ते घोड्याच्या पाठीला अद्याप लाभावयाचे आहे.

मुंबईची महालक्ष्मी असो की पुण्याचे मैदान, शर्यतीवर देखरेख करणारे स्टुअर्ड दोषी जॉकीला दंड करतात वा काही दिवस स्वारीस बंदी घालतात. ही शिस्त आवश्यकच आहे. पण ती एकट्या जॉकीवर थांबली तर काय होते, हे इंग्लंडमध्ये २०११ साली दिसून आले. त्या वर्षीच्या ग्रँड नॅशनल शर्यतीत बॅलाब्रिग्ज हा घोडा पहिला आला. मर्यादेबाहेर चाबूक चालविल्याबद्दल जॉकी जेसन मॅग्वायर याला पाच दिवसांची बंदी झाली. विजय मात्र कायम राहिला. पाच दिवस घरी बसून जर अशी शर्यत जिंकता येत असेल, तर ती शिक्षा नसून किंमत होय, आणि मोठ्या बक्षिसापुढे ती किंमत मोजावयास कोणीही तयार होईल. पुढे तेथील नियंत्रकांनी हे ओळखले. २०२३ पासून तेथे सपाट शर्यतीत सहा व अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे. ती चार वा अधिक फटक्यांनी ओलांडली तर घोडाच बाद होतो. बक्षीस जाते, म्हणजे मालकाचा आणि प्रशिक्षकाचा हात पोळतो. मग तेच जॉकीला सांगतात, “बाबा, हात आवर.” नॉर्वेने तर वेगासाठी चाबूक वापरण्यास १९८२ मध्येच बंदी केली, आणि तरीही तेथे शर्यती चालूच राहिल्या.

मानाच्या स्थानी बसलेल्यांचीही गय होऊ नये, हे जगाने अलीकडे पाहिले. ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळविणारी ब्रिटिश स्वार शार्लट डुजार्डिन हिने शिकवणीच्या वेळी घोड्याच्या पायांवर चाबूक ओढल्याची जुनी चित्रफीत २०२४ मध्ये बाहेर आली. तिला पॅरिसच्या स्पर्धेतून माघार घ्यावी लागली आणि एक वर्षाची बंदी सोसावी लागली. याउलट २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधील हांगचौ येथे आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्ण मिळविले. अश्वक्रीडेतील हे सुवर्ण ४१ वर्षांनी आले, आणि त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. या प्रकारात स्वाराचा इशारा प्रेक्षकाला दिसूही नये, यातच खरे कसब. आणि घोड्याच्या अंगावर ताजे रक्त दिसले तर ती जोडी स्पर्धेबाहेर जाते.

येथे मला स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. तरुणपणी माझ्याही टेबलाच्या खणात छडी असे. निकाल घसरला की वरून विचारणा होई, आणि ती विचारणा छडीच्या वाटेने मुलांच्या तळहातावर उतरे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास मनाई केली, तेव्हा आम्हां काही शिक्षकांना वाटले की आता शाळा चालायच्या नाहीत. शाळा चालल्या. छडी गेली आणि धडा नीट समजावून सांगण्याचे कष्ट आमच्या वाट्याला आले, एवढेच. आज वाटते, जनावरावर किंवा लेकरावर उगारलेला हात पुष्कळदा आपल्यामागच्या कोणाच्या तरी धाकाने उगारलेला असतो. म्हणून तो हात निर्दोष ठरत नाही. पण शासन त्या हातापाशीच थांबले, तर धाक घालणारा नामानिराळा राहतो.

लालबागेच्या मैदानावर मी त्या मुलाला बोललो. त्याच्या मालकाचा शोध घेतला नाही, ही माझी चूक झाली. आणि मालकाच्याही मागे आणखी कोणी आहे : आपण गिऱ्हाईक. लग्नात नवरदेवासाठी घोडी ठरविणारे, बग्गी बोलावणारे, जत्रेत नातवंडांना घोड्यावर बसविणारे आपणच. गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम सांगतात की दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, आणि पारा ३७ अंशांवर असेल तेथे दुपारी १२ ते ३ मुळीच नको. टोचणारी, काटेरी कडी वापरण्यासही मनाई आहे. पैसे मोजण्यापूर्वी ही चौकशी करावयास आपले काय जाते? जनावर थकलेले दिसले, त्याच्या तोंडाशी वा पाठीवर जखम दिसली, तर सरळ नकार द्यावा, आणि तो पोराला नव्हे, मालकाला ऐकवावा.

यंदा मेळा भरेल तेव्हा नात पुन्हा हट्ट धरील. मी तिला घेऊन जाईन. पण घोड्याजवळ जाण्याआधी मालक कोठे बसला आहे, हे विचारीन.