आयफेल टॉवर वाचवणारा सिग्नलचा माणूस

१९०९ साल सरलं की आयफेल टॉवर पाडला जाण्याची चिन्हं होती. १८८९च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो उभारताना गुस्ताव्ह आयफेल यांना परवानगी मिळाली होती ती वीस वर्षांची. पुढे टॉवर पॅरिस शहराच्या मालकीचा होणार आणि शहराला नको असेल तर उतरवला जाणार. तो टिकला, यात एका लष्करी अधिकाऱ्याचा वाटा फार मोठा आहे. त्यांचं नाव गुस्ताव्ह फेरिए.

फेरिए १८६८चे, आल्प्सच्या डोंगराळ सव्हॉय भागातले. एकोल पॉलितेक्निकमधून बाहेर पडून ते सैन्याच्या इंजिनियर दलात गेले आणि लष्करी तारायंत्राच्या कामाला लागले. (आपल्याकडचं सिग्नल दलही १९११मध्ये सॅपर्स अँड मायनर्स या इंजिनियर दलातूनच निघालं.) मार्च १८९९मध्ये मार्कोनीने इंग्लिश खाडीच्या आरपार बिनतारी संदेश पाठवून दाखवला, तेव्हा फ्रेंच सैन्यातर्फे फेरिए ते प्रयोग पाहत होते. तार शत्रूला कापता येते, हवेतली लहर कापता येत नाही. सैन्यासाठी बिनतारी यंत्रणा उभी करण्याचं काम त्यांच्याकडेच आलं.

१९०२मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर मों पेले ज्वालामुखी फुटला, सेंट पिएर शहर राख झालं आणि समुद्राखालची केबल तुटली. फेरिएंनी तिथे जाऊन मार्टिनिक आणि ग्वादलूप या बेटांमध्ये बिनतारी संपर्क जोडून दिला.

तेव्हाच्या लांब लहरींना उंच अँटेना लागे, आणि तीनशे मीटर उंचीचा लोखंडी खांब पॅरिसमध्ये आयताच उभा होता. आयफेलनाही टॉवरचं आयुष्य वाढवायचंच होतं. त्यांनी टॉवर देऊ केला, वर प्रयोगांचा खर्चही स्वतः उचलला. १९०३च्या सुमारास माथ्यावरून तारा खाली सोडल्या गेल्या. आधी पूर्व सीमेवरचे किल्ले संपर्कात आले, मग थेट मोरोक्को. १ जानेवारी १९१०पासून परवान्याला सत्तर वर्षांची मुदतवाढ मिळाली. सैन्याला हवा असलेला टॉवर आता कोण पाडणार?

त्याच वर्षी टॉवरवरून वेळेचे संकेत सुरू झाले. भर समुद्रात रेखांश काढायचा तर अचूक वेळ हाताशी हवी. घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तावर जहाजाची जागा एका सागरी मैलाने चुकते. पॅरिसची वेळ आता लहरींवरून जहाजांना मिळू लागली. सैन्यासाठी उभारलेल्या केंद्राचा याहून सुंदर उपयोग सांगणं कठीण आहे.

मग १९१४चं युद्ध आलं. टॉवरच्या केंद्रात शत्रूचे संदेश ऐकले जात, आणि हेरगिरीचा आरोप असलेल्या माता हारी या नर्तकीवरच्या खटल्यात वापरले गेलेले जर्मन संदेशही तिथेच पकडलेले होते. ही गोष्ट सगळीकडे रंगवून सांगितली जाते, पण फेरिएंचं खरं मोठं काम वेगळंच आहे.

युद्ध पेटलं त्या सुमारास पॉल पिशॉं नावाचा फ्रेंच माणूस अमेरिकेहून परतला. तो पूर्वी सैन्यातून पळालेला, शिवाय जर्मन टेलिफुंकेन कंपनीचा नोकर. कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच. पण त्याच्या सामानात अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्टचे ‘ऑडिऑन’ होते, म्हणजे क्षीण संदेश वाढवून देणारे काचेचे व्हॉल्व्ह. फेरिएंनी त्यांचं मोल ओळखलं. व्हॉल्व्ह मात्र बेभरवशाचे होते. आत थोडी हवा राहून जाई आणि एकासारखा दुसरा चालत नसे. फेरिएंनी भौतिकशास्त्रज्ञ आंरी अब्राम यांना लिऑंला पाठवलं. तिथल्या विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात, जवळजवळ पूर्ण निर्वात करून, नवा व्हॉल्व्ह घडला. रचना सोपी, त्यामुळे तो ढिगाने बनवता येई. युद्ध संपेपर्यंत असे लाखाहून अधिक व्हॉल्व्ह तयार झाले आणि मित्रराष्ट्रांच्या सैन्यांनीही ते वापरले. युद्धानंतर घराघरांत जे रेडिओ आले, त्यांच्या मुळाशी हाच कारखानदारीचा अनुभव होता.

माणसं हेरण्यात फेरिएंचा हात धरणारे थोडेच. त्यांच्या खात्यात प्राध्यापक, कारागीर, तारबाबू एकत्र राबले. पुढे नोबेल मिळवणारे लुई द ब्रॉय युद्धाची वर्षं याच टॉवरच्या केंद्रात होते. हुद्द्यापेक्षा डोकं पाहणारा अधिकारी कुठल्याही सैन्यात दुर्मिळच, म्हणून याचं महत्त्व जास्त वाटतं.

युद्धानंतर फेरिए जनरल झाले, १९२२मध्ये विज्ञान अकादमीवर निवडले गेले. १९२६मध्ये अनेक देशांच्या वेधशाळांनी रेडिओच्या वेळसंकेतांवरून एकाच वेळी आपापले रेखांश मोजले, त्या मोहिमेमागेही तेच होते. १९३०मध्ये फ्रान्सने खास कायदा करून त्यांच्यापुरती निवृत्तीच्या वयाची अट काढून टाकली. फेब्रुवारी १९३२मध्ये पॅरिसच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं, तेव्हाही ते सेवेतच होते.